लंगडीबंदी

सोमवार, १२ डिसेंबर १९६०. तेल्हारा

…दुसरी थप्पड हुकली, कारण चंद्रभान खाली वाकला आणि माझा हात फळ्यावर आपटला. फळ्यावर त्याने ‘लंगडी’ एवढेच लिहिले होते. मी ओले फडके फिरवले, तर ओल्या फळ्यावर शब्द आणखी ठळक उमटला.

“कोणाला म्हणालास हे?”

“कोनालेच नाई, गुर्जी. बाईनं लिवाले सांगतलं.”

“कोणत्या बाईंनी?”

“लीलाबाईनं. ‘लंगडी, दुपारच्या सुटीत, सातवीच्या मुली.’ तुमी पह्यल्या शब्दावरच मारलं.”

वर्ग हसला. मैनाही हसली. मैना म्हणजे डोमाजीची मुलगी, पुढच्या बाकावर बसते. लहानपणी ताप आला त्यात तिचा डावा पाय वाळला. काठी घेऊन चालते. ती हसली याचे मला सर्वांत वाईट वाटले. अपमान इतका अंगवळणी पडला आहे की मुलीला तो कळतही नाही.

गेल्या आठवड्यात अमरावतीच्या शिक्षक-शिबिरात एका व्याख्यात्याने सांगितले, व्यंग असलेल्या मुलांचा छळ शब्दापासून सुरू होतो, म्हणून तो शब्दापाशीच थांबवावा. मी ते उतरवून घेतले. तेल्हाऱ्यात हे कोणी ऐकलेले नाही. सुरुवात मलाच करावी लागणार.

चंद्रभानने तो शब्द कोणत्या हेतूने लिहिला हा प्रश्न गौण आहे. त्याला तास संपेपर्यंत एका पायावर उभे केले. त्याचा तोल जाऊ लागला तेव्हा मैना बाकावरून म्हणाली, “गुडघा जराक वाकव रे. नजर एका जागी ठेव.” त्यानंतर तो खांबासारखा उभा राहिला. शिक्षेतला अर्थ गेला.

मंगळवार, १३ डिसेंबर

हेडमास्तर उत्तमरावांना कल्पना सांगितली. शाळेत व्यंगवाचक शब्द बंद. शिवाय जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ‘सहृदयता सप्ताह’. नाव माझे. उत्तमराव तपकीर ओढत होते. सहा जानेवारीला तपासनीस साहेब येणार आहेत हे आठवले तेव्हा त्यांनी डबी बंद केली.

“पोरगी डोमाजीची म्हणता? म्हणजे त्या वस्तीतली. छप्पन साली धर्म बदलला त्यांनी.”

“हो.”

“मग भगवंतराव, एकाच खुर्चीत दोन प्रश्न बसतात. साहेब खूश.”

मला ही भाषा रुचली नाही. विचार मात्र चुकीचा नव्हता.

जुन्या शब्दाऐवजी नवा शब्द हवा. ‘पंगू’ काव्यात शोभतो, वर्गात नाही. ‘अपंग’ कचेरीतला वाटतो. रात्रभर डोक्यात घोळवून शेवटी ‘विशेष’ ठरवला. मैना ही आता विशेष विद्यार्थिनी. प्रार्थनेच्या वेळी जाहीर केले. मुलांनी शब्द चटकन उचलला.

लीलाबाई मुलींचे खेळ आणि भूगोल घेतात. त्यांनी विचारले, “खेळाचं नावच लंगडी आहे, त्याचं काय?”

“एकपदी म्हणा.”

“आणि आंधळी कोशिंबीर?”

यावर मी विचार केला नव्हता. तोही खेळ बंद केला.

शनिवार, १७ डिसेंबर

आज जे पाहिले त्याने मन उद्विग्न आहे.

दुपारच्या सुटीत मैदानाच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. गेलो. चुन्याने आखलेला चौकोन. त्यात मुली सैरावैरा पळत होत्या, आणि त्यांच्यामागे मैना. काठी कडेला फेकलेली. वाळलेला पाय ओढणीने मागे बांधलेला. उजव्या पायावर ती उड्या मारीत होती आणि बाहेरच्या मुली ओरडत होत्या, “धर लंगडे, धर! कोपऱ्यात घे तिले!”

एका असहाय मुलीला एका पायावर नाचवून तिची टिंगल करायची, तीही शिक्षिकेच्या देखत!

मी शिट्टी हिसकावून घेतली आणि खेळ थांबवला. लीलाबाई चिडल्या. त्या मला खेळ समजावू लागल्या. एक बाजू चौकोनात दोन पायांनी पळते. दुसऱ्या बाजूची एकेक मुलगी एका पायावर येऊन त्यांना शिवते. जिला शिवली ती बाद. पाय टेकला तर शिवणारीच बाद.

“बाकीच्या पोरी सात-आठ जणींना शिवेपर्यंत दमतात. ही दमत नाही. जन्मभर त्याच पायावर आहे ती. पळायची पाळी आली की पहिली बाद होते, ते खरं. पण धरायला लागली की समोरचा सगळा संघ धरते. मागच्या साली आकोटच्या पोरींनी आपल्याला हरवलं. तेव्हा हिला घेतलं नव्हतं. सात जानेवारीला अकोल्याला सामने आहेत. हिच्यावर सगळा भरवसा आहे.”

मी म्हणालो, अकोल्याच्या मैदानात शेकडो लोकांसमोर या मुलीचे व्यंग उड्या मारताना दाखवायचे? खेळाच्या नावाखाली?

“गुरुजी, ही लंगडी सबब झाली.”

मी त्यांना बंदी घातलेल्या शब्दाची आठवण करून दिली.

“बरं. विशेष सबब झाली.”

उत्तमरावांकडे गेलो. खेळ शाळेत पूर्ण बंद. अकोल्याला संघ जाणार नाही. उत्तमराव म्हणाले, “साहेब येतात त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोरी बाहेर? नकोच.” आमची कारणे वेगळी होती, निर्णय एकच झाला. कारभार असाच चालतो.

मैना काठी न उचलता तशीच चौकोनात उभी होती, पाय बांधलेला. मी स्वतः ओढणीची गाठ सोडली.

मंगळवार, २० डिसेंबर

मैना मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली. आत बोलावले तरी उंबऱ्यावरच थांबली.

“गुर्जी, मले अकोल्याले जाऊ द्या.”

“बाळ, तिथे लोक हसतील.”

“हासू द्या. बाद झाल्यावर नाई हासत.”

“तुला कळत नाही. तू विशेष आहेस.”

“मंग मलेच काहून काढलं?”

मी समजावले की तिला काढलेले नाही, खेळच काढला आहे. सगळ्या मुलींना सारखा नियम. हेच खरे समानत्व.  तिचे डोळे भरून आले. आपला कोणी इतका विचार करते, हे तिला नवीन असावे.

जाताना तिने काठी जमिनीवर जरा जोरात आपटली.

शुक्रवार, २३ डिसेंबर

‘विशेष’ शब्द शाळेत रुजला. मुले तो न सांगता वापरतात. वखारीजवळच्या जखमी बैलाला विशेष बैल म्हणतात. तुटलेली पाटी विशेष पाटी. उत्तमरावांच्या सायकलचे पुढचे चाक हलते, तीही विशेष. भाषेतला प्रेमळपणा असा पसरतो.

आज चंद्रभान रडत आला. गणितात नापास झाल्यावर मुले त्याला “ए विशेष, ए विशेष” म्हणून मैदानभर फिरवत होती. मी त्याला विचारले, चांगल्या शब्दाने रडतोस कशाला? तो बाहीला नाक पुसत राहिला. मैना म्हणाली, “गुर्जी, लंगडी म्हनत होते तवा मी वळून दोन देत होती. आता विशेष म्हनतात तर देता बी येत नाई.” मुलांमधील मारामाऱ्या कमी झाल्याचा हा पुरावा सप्ताहाच्या अहवालात घालता येईल.

व्हरांड्यातून जाताना मागून कोणीतरी कुजबुजले, “विशेष गुर्जी येऊन राहिले.” मी मागे वळलो नाही. अशा वेळी वळू नये.

गुरुवार, २९ डिसेंबर

पाच दिवस लिहिले नाही. पूर्वी अशा दिवसांवर ‘विशेष काही नाही’ असे लिहून मोकळा होत असे. आता तो शब्द सहज वापरवत नाही.

संध्याकाळी डोमाजीच्या घरी गेलो. तो जिनमध्ये कापसाचे बोजे वाहतो, अंगाला रुई चिकटलेली. त्याची बायको सुंदराबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. पाणी दिले. मला तहान नव्हती. तसे सांगितले.

सहा तारखेच्या समारंभाचे सांगितले. मैनाला व्यासपीठावर खुर्चीत बसवणार. हार घालणार. मुलांना तिच्याकडे पाहून सहृदयता शिकता येईल.

“आन तिनं काय कराचं?” डोमाजीने विचारले.

“काही नाही. बसायचे.”

“तेच तिले जमत नाई, गुर्जी. बसून राहाचा लई कंटाळा हाये तिले.”

मी तिच्यासाठी भाषण लिहिले आहे. दोघांना वाचून दाखवले. ‘मी एक कोमेजलेली कळी आहे. आपल्या सहानुभूतीचे दंव माझ्यावर पडो…’ मला स्वतःलाच तिसऱ्या वाक्यावर गहिवरून आले.

सुंदराबाईने तव्यावरची भाकरी उलटली. “कळी? हे? दोन भाकरी खाते सकायी, वरून इचारते अजून हाये का.”

मी विषय बदलला. मुलीला घरी कोणता शब्द वापरतात ते विचारले, म्हणजे पालकांनाही योग्य शब्द सुचवता येईल.

“मैना म्हनतो. नाव ठेवलं हाये आमी तिचं.” मग भाकरी टोपलीत टाकत म्हणाली, “तुमीच नावं ठेवून राहिले.”

वऱ्हाडी बायकांच्या बोलण्यात एक रांगडा विनोद असतो. मैना कोपऱ्यात उभी होती. एका पायावर. बराच वेळ तशीच. सवय असावी.

सोमवार, २ जानेवारी १९६१

सप्ताह सुरू. फलक लावले. ‘दुबळ्यास हात द्या.’ त्यामुळे सकाळपासून मैनाला हात देण्यासाठी मुलांची रांग. एक दप्तर घेतो, एक काठी, एक दंड धरतो. पायरीवर तिघांनी मिळून उचलले तेव्हा ती पडली. फार लागले नाही. ती तिघांनाही काहीतरी म्हणाली, शब्द कळले नाहीत. मी मुलांची पाठ थोपटली.

अकोल्याला संघ येणार नाही असे पत्र उत्तमरावांनी लिहून दिले. ते टपालात टाकण्याची जबाबदारी लीलाबाईंनी आपण होऊन घेतली. एवढे दिवस त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. त्यांनाही पटले म्हणायचे.

बुधवार, ४ जानेवारी

चौकशीअंती कळले की सातवीच्या काही मुली शाळा सुटल्यावर जिनच्या मागच्या मोकळ्या जागेत जमतात, आणि लीलाबाई तिथे असतात. मी विचारले.

“मुलींना शिवायला शिकवते,” लीलाबाई म्हणाल्या.

“उत्तम. संसारात उपयोगी.”

“होय.”

“मैनाही येते?”

“तीच सगळ्यांत चांगली शिवते.”

बसून करण्याचे काम तिला मिळाले याचे समाधान वाटले. हेच मी आधी सुचवायला हवे होते. तिच्या परकराला धूळ फार होती. लीलाबाईंना सतरंजी वापरायला सांगितले.

व्यासपीठासाठी जिनच्या मालकांकडून मखमली खुर्ची मागवली. ती डोमाजीनेच डोक्यावर वाहून आणली. म्हणाला, “हे मीच पुसतो रोज. बसून कोनी पाह्यलं नाई आमच्यातलं.” मी म्हणालो, आता तुझी मुलगी बसेल. तो बराच वेळ मखमलीवरून हात फिरवत होता.

शुक्रवार, ६ जानेवारी

समारंभ पार पडला. सविस्तर लिहितो, कारण पुढच्या अमरावतीच्या शिबिरात यावर निबंध वाचण्याचा विचार आहे.

तपासनीस साहेब पुण्याकडचे, स्वच्छ कपडे, स्वच्छ उच्चार. ते मध्ये. उजवीकडे उत्तमराव, डावीकडे मखमली खुर्चीत मैना. हार एवढा मोठा की त्यात तिचे तोंड दिसत नव्हते. पालकांच्या खुर्च्या गावच्या पुढाऱ्यांना पुरल्या नाहीत, म्हणून डोमाजी आणि सुंदराबाई यांना मी अत्यंत आदराने दाराशी उभे केले.

मी प्रास्ताविक केले. व्यंग असलेल्यांकडे माणूस म्हणून पाहावे असे सांगितले. ‘त्यांच्याकडे बोट दाखवू नका’ असे म्हणताना मैनाकडे बोट दाखवले, म्हणजे मुलांना उदाहरण कळावे.

मग मैनाची पाळी. ती उठली. कागद हातात होता. ‘मी एक’ एवढे वाचले आणि थांबली. पुढे वाचेना. मी खालून ‘कोमेजलेली, कोमेजलेली’ असे सुचवत होतो. पहिल्या रांगेतून चंद्रभान हळूच म्हणाला, “विशेष.” पोरे फिदीफिदी हसली.

साहेब प्रसंगावधानी. ते पुढे झुकले. “घाबरू नकोस बाळ. तुला काय हवं ते सांग. काहीही माग.”

मैनाने हार गळ्यातून काढला. स्पष्ट म्हणाली,

“मले लंगडी पायजे.”

 जो शब्द मी शाळेतून हद्दपार केला, तो व्यासपीठावरून, साहेबांसमोर! साहेबांनी उत्तमरावांकडे पाहिले. उत्तमराव मुरलेले. म्हणाले, “साहेब, आमच्याकडची बोली आहे. कुबडी मागते.”

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले की खात्यातर्फे या विशेष बालिकेस नवी कुबडी, नव्हे, कुबड्यांची जोडी देण्यात येईल. टाळ्यांचा कडकडाट. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले.

“कुबडी नाई, लंगडी! उद्या अकोल्याले!” असे मैना म्हणत होती, पण टाळ्या चालू होत्या. मागे लीलाबाई एकट्याच टाळ्या वाजवत नव्हत्या. मत्सर मनुष्यस्वभावात आहे.

पुढे जे झाले ते चटकन झाले. मैनाने हार खुर्चीवर ठेवला. ओढणी काढून डावा पाय मागे बांधला. काठी खुर्चीला टेकवली. आणि एका पायावर व्यासपीठावरून निघाली. पहिल्यांदा तिने उत्तमरावांच्या खांद्याला हात लावला. साहेब चपळ निघाले, खुर्चीच्या मागे गेले. मग ती माझ्याकडे वळली. मी का कोण जाणे, दोन पावले मागे सरकलो. मग डावीकडे. ती डावीकडे. टेबलाला वळसा घालून मी कोपऱ्यात आलो, आणि कोपऱ्यात जागा नव्हती. तिचा हात माझ्या पाठीवर पडला. छोटा हात, पण जोर होता.

ती ओरडून काहीतरी म्हणाली. ‘बाद’ असे ऐकू आले. ‘धन्यवाद’ असावे, गोंगाटात पहिली अक्षरे बुडाली. कारण लगेच सगळी शाळा उभी राहून तोच शब्द गर्जू लागली. मुले बाकांवर चढली होती. चंद्रभान तर रडता रडता ओरडत होता. सहृदयतेचा असा स्फोट मी आजवर पाहिला नव्हता.

ती तशीच पायऱ्या उतरून मधल्या वाटेने दारापर्यंत गेली. एकदाही पाय टेकला नाही. दाराशी डोमाजीने तिला उचलून खांद्यावर घेतले. लीलाबाई त्यांच्यामागून बाहेर पडल्या. सकाळच्या मोटरीबद्दल काहीतरी बोलत होत्या.

साहेबांनी शेरा दिला: ‘उपक्रम स्तुत्य. शिस्तीकडे लक्ष द्यावे.’ उत्तमरावांनी दुसरे वाक्य मोठ्याने वाचले नाही.

सगळे गेल्यावर मी व्यासपीठावर एकटाच बसलो होतो. पाठीवर जिथे हात पडला तिथे अजून ऊब वाटत होती. ती मला शिवली, असा विचार मनात आला. का आला, आणि घरी येऊन मी शर्ट न बदलता जेवायला बसलो याची नोंद का करावीशी वाटते, ते कळत नाही.

शनिवार, ७ जानेवारी

सकाळी हजेरी घेतली. सातवीच्या नऊ मुली गैरहजर. लीलाबाईंची रजेची चिठ्ठी, कारण ‘अकोला’. मैनाची काठी रात्रभर मखमली खुर्चीला टेकलेली होती. ती घेऊन मी स्टँडवर गेलो. मोटर गेली होती. हॉटेलवाल्याने सांगितले, पोरी गात गेल्या, एक तर एका पायावर उडी मारून चढली. मग त्याने माझ्या हातातल्या काठीकडे पाहिले.

“काहून गुर्जी, पायाले काय झालं?”

विशेष काही नाही, असे म्हणालो.